अपराधपीडितांचा योगक्षेम आणि राज्यसंस्था

फौजदारी खटल्याच्या दप्तरावर वादी म्हणून नाव असते ते सरकारचे. ज्याचे घर फोडले गेले, जिचा मुलगा दिवसाढवळ्या मारला गेला, जिच्या तोंडावर तेजाब फेकले गेले, ती माणसे त्या दप्तरात फिर्यादी म्हणून किंवा सरकार पक्षाचा पहिला साक्षीदार म्हणून काय ती उरतात. आणि ज्या दिवशी त्यांची उलटतपासणी संपते, त्या दिवशी न्यायालयाच्या दृष्टीने त्यांचे कामही संपते. या व्यवस्थेमागे एक तत्त्व आहे आणि ते थोर आहे. एकावर झालेला घाला हा साऱ्या समाजाच्या शांततेवरचा घाला मानावा व त्याचा सूड घेण्याचा अधिकार कोणाही खाजगी इसमाच्या हाती न ठेवता राजसत्तेने तो स्वतःकडे घ्यावा, या विचारापर्यंत येण्यास मानवजातीला कित्येक शतके लागली, आणि त्या विचारामुळेच पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या रक्तवैराच्या परंपरा मोडल्या. परंतु ज्याचा अधिकार काढून घेतला त्याच्या योगक्षेमाची जबाबदारीही घेणाऱ्यावर येते, हा त्याच तत्त्वाचा उत्तरार्ध दीर्घकाळ विस्मरणात गेला. भारतात, आणि विशेषेकरून महाराष्ट्रात, तो कसकसा आठवत गेला, त्यातला किती कायद्यात उतरला आणि किती अजून कागदावरच राहिला आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

आपल्या जुन्या धर्मशास्त्राला हा उत्तरार्ध ठाऊक होता. चोरीस गेलेला माल राजाने चोराकडून हस्तगत करून धन्याला परत द्यावा आणि ते न साधल्यास स्वतःच्या कोशातून त्याची भरपाई करावी, असा दंडक गौतमाच्या धर्मसूत्रात स्पष्ट सांगितलेला आहे. त्यामागील युक्तिवाद सरळ आहे : राजा प्रजेकडून उत्पन्नाचा षड्भाग घेतो तो रक्षणाचे वेतन म्हणून, रक्षण झाले नाही तर वेतन घेणाऱ्याने नुकसानीचे उत्तर दिले पाहिजे. मराठेशाहीच्या गावगाड्यातही याच न्यायाची एक रीत रूढ होती. चोरी झाली की गावचा रखवालदार, मग तो जागल्या असो की रामोशी, चोराचा माग काढीत जाई. तो माग दुसऱ्या गावच्या शिवेत नेऊन लावला म्हणजे जोखीम त्या गावावर जाई, आणि ज्या गावच्या हद्दीत माग बुजला त्या गावाला गेलेल्या मालाची भरपाई करावी लागे. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ साली जो अहवाल लिहिला त्यात या पद्धतीचे वर्णन आहे. ती निर्दोष होती असे नाही, कारण भरपाईचा पहिला बोजा त्या गरीब रखवालदारावरच पडे आणि त्याची ऐपत संपली की मग गावावर वर्गणी बसे. तथापि नागवला गेलेला मनुष्य रिकाम्या हाताने घरी जाऊ नये, ही जाणीव तीत होती.

इंग्रजी अमदानीत ही जाणीव मावळली. नव्या फौजदारी कायद्याचे सारे लक्ष आरोपी आणि शिक्षा यांच्यावर केंद्रित झाले, आणि ज्याचे नुकसान झाले त्याने हवे तर दिवाणी दावा लावावा, अशी वाटणी ठरली. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ५४५ व्या कलमाने, वसूल झालेल्या दंडातून नुकसानभरपाई देण्याची मुभा न्यायाधीशाला दिली. १९७३ च्या संहितेतील ३५७ व्या कलमाने ती थोडी विस्तृत केली आणि दंडाची शिक्षा नसतानाही आरोपीला भरपाईचा हुकूम करता येईल, अशी तरतूद केली. परंतु या सर्व मदतीस तीन अटी जन्मतःच जोडलेल्या होत्या : आरोपी सापडला पाहिजे, त्याच्यावरील गुन्हा शाबीत झाला पाहिजे आणि त्याच्यापाशी द्यावयास काही असले पाहिजे. ज्यांना आपल्या न्यायालयांचा अनुभव आहे त्यांना या तिन्ही गोष्टी एकत्र येण्याचा योग किती दुर्मिळ हे सांगावयास नको. शिवाय न्यायाधीश या अधिकाराचा वापर करीतच नसत. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाला, हा अधिकार सढळपणे वापरा, असे सर्व न्यायालयांना मुद्दाम बजावावे लागले, यावरूनच तो किती गंजत पडला होता ते दिसते.

परदेशात त्याआधीच वारे बदलले होते. इंग्लंडमध्ये तुरुंगसुधारणेसाठी आयुष्य वेचणाऱ्या मार्जरी फ्राय या विदुषीने १९५० नंतरच्या दशकात, गुन्ह्याचा बळी ठरलेल्याला भरपाई देणे हे समाजाचे कर्तव्य आहे, असे आग्रहाने मांडले. कैद्याची कणव ज्या अंतःकरणात होती त्याच अंतःकरणात पीडिताचीही होती, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे, कारण या दोन करुणा परस्परविरोधी आहेत असे आपल्याकडे पुष्कळदा गृहीत धरले जाते. १९६३ साली न्यूझीलंडने जगातील पहिला तसा कायदा केला, १९६४ साली ब्रिटनने योजना सुरू केली, आणि २९ नोव्हेंबर १९८५ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पीडितांच्या हक्कांचा जाहीरनामा संमत करून सन्मानाची वागणूक, माहिती, भरपाई आणि साहाय्य या चार गोष्टी त्यांना मिळाल्या पाहिजेत, असे ठरविले.

आपल्याकडे या प्रश्नाला वाचा फुटली ती महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला. १९७२ च्या मार्च महिन्यात, तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलिस ठाण्यात, एका तक्रारीच्या निमित्ताने रात्री आणलेल्या आदिवासी मुलीवर ठाण्यातल्याच पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला उभा राहिला. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरविले आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. मुलीच्या अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, यावरून तिची संमती अनुमानण्यात आली. ठाण्याच्या आत, दार लावल्यावर, रात्रीच्या वेळी, एका निराधार मुलीने शिपायाशी झटापट करावी आणि तिचे वळ पुराव्यादाखल अंगावर वागवावेत, ही अपेक्षा ज्यांना असह्य झाली त्यांत रघुनाथ केळकर व वसुधा धगमवार ही दोन मराठी माणसे होती. उपेंद्र बक्षी आणि लोतिका सरकार यांच्यासह या दोघांनी १९७९ च्या सप्टेंबरात सरन्यायाधीशांना उद्देशून जे खुले पत्र लिहिले, त्याने देशातील स्त्रीचळवळीला धार आली आणि १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यातील स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले तर तसेच गृहीत धरावे, असे पुराव्याच्या कायद्यात आले, आणि पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा ठरला. या सुधारणेचे मोल मोठे आहे. परंतु त्या कायद्यात, ठाण्यातून बाहेर पडलेल्या मुलीने उद्या सकाळी कोठे जावे, काय खावे, तिच्यावर औषधोपचार कोणी करावा, याविषयी अवाक्षर नव्हते.

मुंबईतील परळच्या के. ई. एम. रुग्णालयात १९७३ च्या नोव्हेंबरात एका परिचारिकेवर तेथल्याच सफाई कामगाराने हल्ला केला. आरोपीला जबरी चोरी व खुनाचा प्रयत्न यांसाठी सात वर्षांची सजा झाली. ती भोगून तो सुटला आणि कायद्याचे खाते तेवढ्यावर बंद झाले. ती परिचारिका मात्र त्याच रुग्णालयाच्या एका खाटेवर भान हरपलेल्या अवस्थेत जवळजवळ ४२ वर्षे जगली व २०१५ च्या मे महिन्यात वारली. त्या सर्व काळात तिला भरविणाऱ्या, कूस बदलणाऱ्या, अंगाला खाटेची जखम होऊ न देणाऱ्या त्या रुग्णालयातील परिचारिका होत्या. एक पिढी निवृत्त झाली की दुसरी पिढी ते काम हाती घेई. महानगरपालिकेच्या रुग्णालयाने तिला सांभाळले हे खरे, पण ते त्या स्त्रियांच्या माणुसकीमुळे. न्यायव्यवस्थेने तिच्यासाठी काही करावे असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नव्हते. तेथे माणुसकी होती म्हणून निभावले. जेथे ती नव्हती तेथे काय झाले असेल, याचा हिशेब कोठल्याच दप्तरात नाही.

सरकारी खजिन्याचे दार उघडण्याचे श्रेय प्रथम न्यायालयांकडे जाते. निर्दोष सुटल्यावरही वर्षानुवर्षे तुरुंगात डांबून ठेवलेल्या बिहारच्या एका इसमाला १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारकडून भरपाई देवविली, आणि मूलभूत हक्क पायदळी तुडविणाऱ्या राज्याने त्याची किंमत मोजली पाहिजे, हा सिद्धान्त रूढ झाला. १९९४ साली दिल्लीच्या घरकामगार स्त्रियांच्या संघटनेने आणलेल्या अर्जावर निकाल देताना न्यायालय आणखी पुढे गेले : बलात्काराची तक्रार घेऊन आलेल्या स्त्रीला पोलिस ठाण्यातच वकिलाचे साहाय्य मिळावे, आणि आरोपीला शिक्षा होवो अगर न होवो, तिला भरपाई देणारे मंडळ स्थापन व्हावे, असे त्याने सांगितले. १९९६ साली विधी आयोगाने आपल्या १५४ व्या अहवालात आणि २००३ साली न्यायमूर्ती मळीमठ समितीने तीच मागणी केली. अखेर संहितेत ३५७-अ हे कलम आले व ३१ डिसेंबर २००९ पासून अमलात आले.

या कलमाइतकी मूलगामी तरतूद आपल्या फौजदारी कायद्यात दुसरी क्वचितच असेल. प्रत्येक राज्याने केंद्राशी विचारविनिमय करून पीडितांच्या भरपाईची योजना करावी व तीसाठी निधी ठेवावा. न्यायालयाने शिफारस केली की रक्कम किती ते विधी सेवा प्राधिकरणाने ठरवावे. आरोपी निर्दोष सुटला तरीही पुनर्वसनाची गरज असल्यास न्यायालयाने शिफारस करावी. आणि आरोपी सापडलाच नाही, ओळखलाच गेला नाही, खटला उभाच राहिला नाही, तरीही पीडिताने थेट प्राधिकरणाकडे अर्ज करावा व त्याची चौकशी दोन महिन्यांत पुरी व्हावी, असे त्यात म्हटले आहे. तातडीचा औषधोपचार किंवा अंतरिम साहाय्य ठाणे अंमलदाराच्या किंवा दंडाधिकाऱ्याच्या दाखल्यावरून देता येते. म्हणजे ज्या तीन अटींनी शंभराहून अधिक वर्षे मदत अडवून धरली होती, त्या तिन्ही एका कलमाने काढून टाकल्या. हेच कलम १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ३९६ व्या क्रमांकाने कायम आहे. एक बारीक पण हितकर फरकही नव्या संहितेत झाला आहे : जुन्या व्याख्येत आरोपीवर दोषारोप ठेवला गेला असेल तरच नुकसान सोसणारा पीडित ठरे, नव्या व्याख्येने ती अट गाळली आहे.

दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर या योजनांना वेग आला. तेजाबाने भाजलेल्या व बलात्कारपीडित व्यक्तींवर सरकारी असो की खाजगी, कोणत्याही रुग्णालयाने तत्काळ विनामूल्य उपचार केलेच पाहिजेत, असे कायद्यात आले; तेजाब-हल्ल्यातील पीडितेला किमान ३ लाख रुपये, आणि त्यांतील १ लाख पंधरा दिवसांत, मिळावेत असा सर्वोच्च न्यायालयाचा हुकूम झाला. महाराष्ट्र शासनाने २०१३ च्या ऑक्टोबरात 'मनोधैर्य' योजना सुरू केली. आरंभी तिची कमाल मर्यादा ३ लाखांची होती. पुढे ती विशेष गंभीर प्रकरणांसाठी १० लाखांपर्यंत वाढविण्यात आली आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या मंडळाकडे असलेला निर्णय जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांकडे गेला. २०१८ साली राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने स्त्रियांसाठी जी आदर्श योजना आखली व सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली, तीत बलात्कारासाठी ४ ते ७ लाख, सामूहिक बलात्कारासाठी व मृत्यूसाठी ५ ते १० लाख, तेजाबाने चेहरा विद्रूप झाल्यास ७ ते ८ लाख, असे आकडे घातलेले आहेत.

आकडे चांगले आहेत. ते पीडितांच्या हाती कसे पडतात, हे पाहण्यासाठी मात्र जिल्हा न्यायालयाच्या आवारातील प्राधिकरणाच्या कचेरीत एखादी सकाळ काढावी. तालुक्याच्या गावाहून पहाटेची एस. टी. धरून आलेली बाई बाकावर बसलेली असते. तिच्या पिशवीत प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेली फिर्यादीची प्रत, रुग्णालयाचे कागद, आधारकार्डाची छायाप्रत आणि बँकेचे पासबुक असते. वैद्यकीय अहवाल पोलिसांकडे आहे, पोलिसांनी तो पाठविलेला नाही, आणि तो आल्यावाचून प्रकरण समितीपुढे ठेवता येत नाही, असे कारकून तिला सांगतो. तो खोटे सांगत नसतो आणि तुसडेपणानेही सांगत नसतो. फिर्याद नोंदताच तिची प्रत प्राधिकरणाकडे यावी, अशी योजनेची भाषा आहे. ती प्रत वेळेवर येते तेथे अर्ज हलतो. येत नाही तेथे त्या बाईने आणखी एका दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडून ठाण्यात खेटे घालावयाचे असतात, आणि त्या ठाण्यात तिला ओळखणारे सगळे असतात. मदत मिळविण्याकरिता आपल्यावरचा प्रसंग किती खात्यांपुढे पुन्हापुन्हा उच्चारावा लागतो, याचा विचार योजना आखणाऱ्याने कागदावर लेखणी टेकण्यापूर्वी करावयास हवा होता.

मिळालेल्या रकमेच्या विनियोगाविषयीही मला बोलावयाचे आहे. आदर्श योजनेप्रमाणे रकमेतील ७५ टक्के किमान तीन वर्षांच्या मुदतठेवीत जातात आणि २५ टक्के हाती येतात. अल्पवयीनांच्या बाबतीत ८० टक्के रक्कम सज्ञान होईपर्यंत बँकेत राहते. नातलगांनी पैसा गिळंकृत करू नये, हा यातील हेतू रास्त आहे. परंतु गाव सोडून दुसरीकडे खोली घेणे, शस्त्रक्रियेच्या पुढच्या टप्प्याचा खर्च, मुलीची शाळा बदलणे, हे खर्च पहिल्या सहा महिन्यांतच येतात. शिक्षणासाठी वा औषधासाठी रक्कम आधी काढण्याची सोय योजनेत आहे. ती सोय आहे हे त्या बाईला सांगणारा कोणी असतो का, हा खरा प्रश्न आहे.

अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारांच्या १९८९ च्या कायद्याखाली जे नियम झाले, त्यांकडे या संदर्भात आदराने पाहावे असे मला वाटते. त्यांत मदतीचे हप्ते खटल्याच्या टप्प्यांशी बांधलेले आहेत : २०१६ च्या सुधारित नियमांप्रमाणे खुनाच्या प्रकरणी ८ लाख २५ हजार रुपयांतील निम्मी रक्कम शवविच्छेदनानंतर आणि निम्मी दोषारोपपत्र न्यायालयात गेल्यावर द्यावयाची असते. त्याशिवाय विधवेला दरमहा निवृत्तिवेतन, कुटुंबातील एकाला नोकरी, मुलांच्या शिक्षणाचा खर्च, साक्षीसाठी येण्याजाण्याचे भाडे व भत्ता, यांचीही तरतूद आहे. पैसा, उपजीविका आणि न्यायालयाची वाट या तिन्हींचा एकत्र विचार करणारी दुसरी नियमावली आपल्याकडे नाही. २००६ साली भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत जे दलित हत्याकांड घडले, त्यानंतरही या नियमांच्या अंमलबजावणीसाठी कार्यकर्त्यांना जिल्हाधिकारी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागत आहेत, ही वस्तुस्थिती त्या नियमांचे मोल कमी करीत नाही. ती अंमल करणाऱ्यांविषयी बोलते.

या सर्व योजना शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे विषमता डोळ्यांत भरते. मालमोटारीखाली सापडून मेलेल्या मजुराच्या वारसांना मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे त्याची मिळकत, त्याचे वय आणि अवलंबून असलेली माणसे यांचा हिशेब मांडून भरपाई मागता येते. धडक देऊन वाहन पळून गेले असले तरी १ एप्रिल २०२२ पासून २ लाख रुपये ठरलेले आहेत. तोच मजूर दारूच्या गुत्त्यावरच्या मारामारीत चाकूने मेला, तर त्याच्या मिळकतीचा हिशेब कोणी करीत नाही आणि राज्याच्या सर्वसाधारण योजनेतील तुटपुंजा आकडा त्याच्या घरच्यांच्या वाट्याला येतो. तोही, अशी योजना आहे हे त्यांना कळले तर. मृत्यू एकच, अनाथ झालेली मुले तितकीच, मदत मात्र मृत्यू कोणत्या कलमाखाली मोडतो यावर अवलंबून. ठेवीदारांची फसवणूक झाल्यास १९९९ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने संस्थाचालकांची मालमत्ता जप्त करून वाटता येते, आणि नव्या संहितेच्या १०७ व्या कलमाने गुन्ह्यातून मिळविलेली मालमत्ता जिल्हाधिकाऱ्यांमार्फत पीडितांना वाटण्याचा मार्ग काढला आहे. हे उपाय उपयुक्त आहेत, पण त्यांचा लाभ जेथे जप्त करण्यासारखे काही आहे तेथेच होणार.

पैशाइतकीच, आणि कित्येकदा त्याहून अधिक, गरज असते ती सोबतीची. मुंबई महानगरपालिकेच्या वांद्र्यातील भाभा रुग्णालयात २००० च्या सुमारास 'सेहत' या संस्थेच्या साहाय्याने 'दिलासा' केंद्र सुरू झाले, आणि मारहाण सोसून आलेल्या स्त्रीची जखम बांधताना तिला कोणी मारले हेही विचारावे व पुढचा मार्ग दाखवावा, ही रीत सार्वजनिक रुग्णालयात रुजली. मुंबईतच 'मजलिस' या संस्थेच्या वकील स्त्रिया 'राहत' या उपक्रमातून बलात्कारपीडित मुलींबरोबर ठाण्यापासून न्यायालयापर्यंत जात आल्या आहेत. गोव्याने २००३ साली बालकांसाठी स्वतंत्र कायदा करून पणजीत बालन्यायालय उभारले. लैंगिक अपराधांपासून बालकांच्या संरक्षणाच्या २०१२ च्या कायद्याखालील नियमांनी तर प्रत्येक बालकाला साहाय्यक व्यक्ती देण्याची सोय केली आहे. अशी सोबत ज्याला मिळाली आणि ज्याला मिळाली नाही, त्यांच्यातील अंतर सत्र न्यायालयाच्या व्हरांड्यात दिसते. तेथे बाक एकच असतो. एका टोकाला मुलीची आई बसलेली, दुसऱ्या टोकाला आरोपीचे काका-मामा. पट्टेवाला नावाचा पुकारा करतो, पैरवी अधिकारी धावत येऊन सांगतो की आज साहेब रजेवर आहेत, आणि पुढची तारीख पडते. या तारखांच्या मधल्या काळातच त्या बाकावर तडजोडीची भाषा सुरू होते, आणि वर्षा-दोन वर्षांनी मुलगी पिंजऱ्यात उभी राहून काही आठवत नाही असे म्हणते. ती फितूर झाली, असा शेरा कागदावर पडतो. तिला फितूर करण्यात त्या बाकाचा हिस्सा किती, याची नोंद होत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली महाराष्ट्रातून आलेल्या एका अपिलातच, दुर्बल साक्षीदारांसाठी निराळी साक्षकेंद्रे उभारण्याचे आदेश सर्व उच्च न्यायालयांना दिले व २०२२ साली त्यांची व्याप्ती वाढविली. ५ डिसेंबर २०१८ रोजी साक्षीदार संरक्षण योजनेला देशाच्या कायद्याचे बळ दिले. ही केंद्रे प्रत्येक तालुक्याच्या न्यायालयापर्यंत पोहोचली पाहिजेत. निराळी खोली व निराळा दरवाजा यांचा खर्च काही डोळे फिरविणारा नाही.

माहिती मिळण्याचा आणि बोलण्याचा हक्कही हळूहळू मान्य झाला आहे. तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत पीडिताला कळविण्याचे बंधन नव्या संहितेने पोलिसांवर घातले आहे आणि पीडिताचे म्हणणे ऐकल्यावाचून खटला मागे घेण्यास मनाई केली आहे. आरोपी सुटल्यास पीडिताला स्वतः अपील करता येते; २०२२ साली लखीमपूर खिरीच्या प्रकरणात, जामिनाच्या सुनावणीतही त्याला ऐकले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. चोरीस गेलेला आणि सापडलेला मुद्देमाल वर्षानुवर्षे ठाण्यात कुजत पडे, त्याची छायाचित्रे काढून तो त्वरेने परत करण्याविषयी २००२ सालचा न्यायालयाचा आदेश आता संहितेतही उतरला आहे.

इतके सर्व असताना उणीव कोठे राहते? ती राहते निकालपत्राच्या शेवटच्या पानावर. ३ मे २०१३ रोजी महाराष्ट्रातील एका अपिलाचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ठाकूर यांनी बजावले की, प्रत्येक फौजदारी प्रकरणात भरपाईच्या प्रश्नाचा विचार करणे हे न्यायालयाचे कर्तव्य आहे व तो केल्याचे कारणांसह दिसले पाहिजे. त्यानंतर साडेअकरा वर्षांनी, ४ नोव्हेंबर २०२४ रोजी, पुन्हा महाराष्ट्रातूनच आलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला आढळले की सत्र न्यायालयाने भरपाईविषयी काहीच म्हटलेले नाही, आणि विशेषतः बालकांवरील व स्त्रियांवरील लैंगिक अत्याचारांत सत्र न्यायालयांनी असा आदेश दिलाच पाहिजे, असे त्याला नव्याने सांगावे लागले. एकाच राज्यातून, एकाच त्रुटीसाठी, दशकभराच्या अंतराने दोनदा कानउघाडणी व्हावी, ही आपल्या न्यायिक प्रशिक्षणाला लाजिरवाणी गोष्ट आहे.

खोट्या फिर्यादींमुळे खजिना लुटला जाईल, असा आक्षेप घेतला जातो आणि तो सर्वस्वी अनाठायी नाही. खोटी फिर्याद शाबीत झाल्यास रक्कम वसूल करण्याचा मार्ग मोकळा असावाच. परंतु साक्षीत डगमगलेल्या प्रत्येकीला खोटे ठरवून तिच्याकडून मदत परत मागणे, हे त्या बाकावरच्या दडपणाला सरकारी शिक्का देण्यासारखे होईल. दुसरा आक्षेप पैशाचा. ज्या राज्याला कर घेताना नागरिकाचा पत्ता अचूक सापडतो, त्याला तो नागरिक जखमी होऊन पडल्यावर पत्ता सापडू नये, हे समर्थन टिकणारे नाही. माझा निष्कर्ष असा की, मदतीचा आधार दोषसिद्धी हा नसून इजा हा आहे, हे कायद्याने २००९ सालीच मान्य केले. आता अर्ज करण्याचा भार पीडितावरून काढून तो ठाण्यावर टाकला पाहिजे, म्हणजे फिर्याद नोंदली की अर्जही आपोआप प्राधिकरणात दाखल झाला पाहिजे, आणि सर्व प्रकारच्या पीडितांसाठी एकच कचेरी, एकच अर्ज व नेमून दिलेली एकच सोबतीण असली पाहिजे.

ते होईपर्यंत वाचकांना एक विनंती आहे. आपण शिक्षक असा, डॉक्टर असा, सरपंच असा की नुसते शेजारी. आपल्या माहितीतील एखाद्या घरावर असा प्रसंग ओढवला, तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी असते, वकील तेथे फुकट मिळतो, आरोपी सापडला नसला तरी भरपाईचा अर्ज करता येतो, आदर्श योजनेप्रमाणे तो घटनेपासून तीन वर्षांच्या आत करावा लागतो, आणि १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी केल्यास मार्गदर्शन मिळते, एवढे त्यांना आपण होऊन सांगावे, आणि पहिल्या खेपेस त्यांच्याबरोबर जावे.